आईला आवडलं म्हणे

आमच्या मंडळाचा अध्यक्ष नरेंद्र चार वर्षं विसर्जनाआधी माईक हातात घ्यायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "आता आपलं परंपरेचं निरोपाचं गाणं! आपल्या गुरुनाथची रचना. त्याच्या आईने फोनवर ऐकून पसंती दिलेली, त्या माउलीचा आशीर्वाद लाभलेली!" लोक टाळ्या वाजवायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझा नवरा प्रताप माझा दंड धरून बसायचा. एक दिवस ही उठणार आणि त्या माणसाच्या हातातला माईक हिसकावून घेणार, याची त्याला खात्रीच होती.

परंपरा म्हणे! आणि आशीर्वाद कोणाचा, तर ज्या बाईने ते गाणं ऐकलंच नाही तिचा. नरेंद्रला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून आता मी सगळं सांगणार आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

गुरुनाथ नागपूरचा. इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आला तेव्हा सामानात कपडे कमी आणि पेटी जास्त. सुवर्णा, त्याची बायको, अजून कुरकुरते, "ताई, कुकर राहिला मागे, पेटी आली." लेक इशिता तेव्हा दोन वर्षांची होती. ऑफिसात कोडिंग करायचा, घरी आला की पेटीचा भाता ओढायचा. पण अपार्टमेंटच्या भिंती पापडासारख्या. वरची बाई झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायची. शेवटी एका संध्याकाळी तो पेटी घेऊन माझ्या दारात उभा. "ताई, तुमच्या बेसमेंटमध्ये हिला ठेवता का? जेवायला मागत नाही." मी म्हटलं, "ठेव बाबा. एक खाणारं तोंड आहेच घरात, ही निदान गाईल तरी." प्रताप आतून ओरडला, "ऐकलं मी!"

तेव्हापासून पेटी माझ्या बॉयलरशेजारी राहिली आणि गुरुनाथ रोज संध्याकाळी तिच्याशेजारी. दोन हजार एकच्या शेवटी त्याची नोकरी गेली. इथे व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाणं म्हणजे पायाखालची सतरंजी ओढणंच. त्या महिन्यांत तो बेसमेंटमध्ये दुपारीही यायचा. एका ओळखीच्याने कशीबशी आपल्या कंपनीत सोय लावली आणि तो देशात राहिला. पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला. बाहेर पडलं तर नवा शिक्का तिकडच्या वकिलातीतून घ्यायचा, आणि त्या दिवसांत तो मिळेल की माणूस तिथेच अडकेल, हे देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून तो गेलाच नाही. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाऊ.

त्याचं चाली लावणं मी खूप जवळून बघितलंय. मला वाटायचं, कलावंतांना कसं, झोपेतसुद्धा सुचत असेल. छे! हा माणूस एकच तुकडा तासभर वाजवायचा. तोच, तोच, तोच. वर मी भाकऱ्या थापत असायचे आणि माझा हातही त्याच तुकड्यावर पडायला लागायचा. एकदा वैतागून खाली गेले. म्हटलं, "अरे, अडकलीय का तुझी रेकॉर्ड?" तर म्हणाला, "ताई, चाल सुचत नाही हो. ती घासावी लागते. करपलेली कढई घासतात तशी." मी म्हटलं, "तू आयुष्यात कधी कढई घासलीयस?" तो हसला आणि पुन्हा तोच तुकडा.

सणावारांच्या बाबतीत मात्र तो महाखवचट. आमच्या मंडळाचा गणपती फायबरचा आहे, एकच. सकाळी भाड्याच्या शाळेत त्याची स्थापना, संध्याकाळी विसर्जन. विसर्जन म्हणजे प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात त्याचे पाय टेकवायचे, की लगेच पुसून, बबल रॅपमध्ये गुंडाळून नरेंद्रच्या गॅरेजमध्ये. तारीख काहीही असो, येणार तो शनिवारीच. गुरुनाथ म्हणायचा, "देवाला आपण शनिवारची अपॉइंटमेंट दिलीय. आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' कोणाला म्हणतो आपण? गॅरेजमधून यायला कितीसा वेळ लागतो?" आरतीबद्दल तर विचारूच नका. "घोडं उधळल्यासारखी म्हणता सगळे. ज्याने पहिल्यांदा चाल लावली त्यालाही कोणीतरी विचारलं असेल, जुनी काय वाईट होती? त्याने ऐकलं नाही म्हणून तुमच्याकडे आज ही आहे." मी म्हणायचे, "गप रे, पोरांना मोदक तरी कळतात त्या निमित्ताने." पण मनातून पटायचं. तो सण बुडवा म्हणत नव्हता. सण नुसता उरकू नका, एवढंच म्हणत होता.

ह्या माणसाला जगात एकाच श्रोत्याची पर्वा होती, ती म्हणजे त्याची आई. नागपुरात महाल भागात त्यांचं घर. बाई अर्धं आयुष्य मुलींना गाणं शिकवत आलेल्या. नवी चाल झाली की रविवारी सकाळी गुरुनाथ माझ्याकडे यायचा. तिकडे संध्याकाळ असायची. भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड खरवडायचं, नंबर फिरवायचे, फोनचा रिसीव्हर पेटीच्या टपावर ठेवायचा आणि अख्खी चाल वाजवून, गाऊन दाखवायची. मग रिसीव्हर कानाला लावून ऐकत बसायचा. मी जिन्यात उभी राहून त्याचं तोंड बघायचे. शाळेतल्या पोराचा निकाल लागताना असतं तसं तोंड.

आई कधी चांगलं म्हणायचीच नाही. कधीच नाही! "दुसऱ्या कडव्यात श्वास कुठे घ्यायचा माणसाने?" किंवा "शेवट गुंडाळलास, भूक लागली होती का?" आणि मग एकच शब्द, "पुन्हा." हा इकडे मान डोलवायचा, पुन्हा वाजवायचा. मी एकदा विचारलं, "काय रे, तुला वाईट नाही वाटत?" तर म्हणाला, "ताई, ती चूक काढते म्हणजे तिने नीट ऐकलं. बाकी सगळे छान म्हणतात, त्यांनी काय ऐकलं कोणाला ठाऊक!"

हे लक्षात ठेवा.

दोन हजार चारला त्याने निरोपाचं गाणं केलं. म्हणाला, "घरातून कोणी जायला निघालं की आपण दारात उभे राहतो, गप्प होतो. आणि इथे देव जातो तेव्हा पार्किंग लॉटमध्ये लेझीम! एक तरी गाणं असं हवं की जाणाऱ्याला वाटेल, ह्यांना माझी आठवण येईल." शब्द त्याचेच, साधे. पोरांना म्हणता येतील असे. तो माझ्या बेसमेंटमध्ये मंडळातली मुलं जमवून शिकवायला लागला. इशिता सात वर्षांची, सगळ्यात पुढे.

मंडळात यावरून घोडं अडलंच. नरेंद्र म्हणाला, "अरे यार, विसर्जनाला स्लो गाणं कोण ऐकतं? लोकांना एनर्जी लागते." नरेंद्रही मूळचा नागपूरचा. मुहूर्त, सोवळं, नैवेद्याच्या ताटात चटणी डावीकडे की उजवीकडे, सगळ्यात नाकाने कांदे सोलणार. पण सुवर्णा, मी आणि त्याची स्वतःची बायको मालिनी, तिघी अडून बसलो, तेव्हा कसंबसं हो म्हणाला. गाणं छापील कार्यक्रमात गेलं.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी गुरुनाथ आईला गाणं ऐकवायला आला. फोन मोठ्या भावाने घेतला, राजारामने. गुरुनाथ म्हणाला, "दादा, आईला दे." मग ऐकत राहिला. "झोपलीय? ह्या वेळेला? बरं वाटत नाही का?" पुन्हा ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, एकदाच ऐकू दे तिला. शनिवारी कार्यक्रम आहे. तिने ऐकल्याशिवाय मी पोरांकडून म्हणवून घेणार नाही." तिकडून काहीतरी उत्तर आलं. गुरुनाथने माझ्याकडे बघून सांगितलं, "पडून आहे. बोलवत नाहीये तिला. दादा म्हणतो, कानाला लावतो फोन, वाजव तू."

त्याने रिसीव्हर पेटीवर ठेवला आणि गायला. मी अनेक वर्षं त्याला ऐकत होते, पण त्या दिवशीसारखा तो कधी गायला नाही. आई आजारी आहे, तिला ऐकू जावं, म्हणून अगदी सावकाश, एकेक शब्द सोडत. संपल्यावर रिसीव्हर उचलला. आणि त्याचं तोंड असं उजळलं की काय सांगू!

"ताई," तो ओरडलाच, "आईला आवडलं! दादा म्हणतो, आईला आवडलं!"

त्या आठवड्यात त्याने भेटेल त्याला हे सांगितलं. ऑफिसात सांगितलं, वाण्याच्या दुकानात सांगितलं. जिलब्या आणल्या, मुलांना वाटल्या. "आयुष्यात पहिल्यांदा!" म्हणायचा. "चाळिशी आली माझी, आज कुठे पास झालो." सुवर्णा त्याला चिडवायची, "माझ्या हातच्या पोळ्यांना कधी एवढं नाचला नाहीस."

शनिवारी कार्यक्रम झाला. स्थापनेला जोडपं म्हणून गुरुनाथ आणि सुवर्णाच बसले होते, नरेंद्रनेच आग्रह करून बसवलं होतं. गुरुनाथने आपल्या हाताने नैवेद्य दाखवला, आरतीचं तबक धरलं. संध्याकाळी नरेंद्र माईकवर गेला आणि पहिल्यांदा ते आशीर्वादाचं वाक्य बोलला. मग मुलांनी गाणं म्हटलं. गुरुनाथ पेटीवर. कॅफेटेरियात साडेतीनशे माणसं, एरवी कोणी कोणाचं ऐकत नाही, पण गप्प झाली सगळी. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. देवाचे पाय टबात टेकले, बबल रॅप झालं.

आणि मग नरेंद्र गुरुनाथच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर गाडीपाशी घेऊन गेला. मी मोदकांची रिकामी पातेली डिकीत ठेवत होते, शेजारच्याच गाडीच्या. त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"गुरू, मन घट्ट कर. तुझी आई गेली रे. मागच्या शुक्रवारी."

मागचा शुक्रवार! म्हणजे रविवारच्या फोनच्या आधी. नरेंद्र बोलतच होता. त्याचंही नागपूरचं घर महालातच, त्याला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानेच राजारामला फोन करून गळ घातली होती. "तुला जाता तर येणारच नव्हतं, यार. शिक्का नाही, काही नाही. सांगून काय झालं असतं? तू इथे रडत बसला असतास आणि पोरांची मेहनत वाया गेली असती. मी राजारामदादांना म्हटलं, विसर्जन झालं की मी स्वतः सांगतो. सगळ्यांच्या भल्याचंच बघितलं मी."

सगळ्यांच्या भल्याचं! माणूस सुतकात, आणि त्याला पूजेला बसवलं, का, तर एवढ्या ऐनवेळी दुसरं जोडपं कुठून आणायचं? चटणी डावीकडे की उजवीकडे विचारणारा हा! गुरुनाथ गेला असता की नसता, नोकरीवर पाणी सोडून विमानात बसला असता की नसता, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. ते ठरवायचा हक्क याला कोणी दिला? मी तिथेच नरेंद्रला काय वाट्टेल ते बोलले. सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. मालिनी मधे पडली, तिलाही काही माहीत नव्हतं, ती बिचारी पांढरीफटक.

गुरुनाथ ओरडला नाही, रडला नाही. गाडीला टेकून उभा राहिला. मग नरेंद्रला म्हणाला,

"मग आवडलं कोण म्हणालं?"

नरेंद्रला प्रश्नच कळला नाही. मला कळला.

शास्त्र असं आहे की दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवसच सुतक धरायचं. नरेंद्रने तेही फोनवर सांगितलं, मोठ्या तत्परतेने. गुरुनाथ मला म्हणाला, "ताई, म्हणजे माझ्या वाट्याला आईचे एवढेच दिवस? बाकीचे तर मी जिलब्या वाटण्यात घालवले." आणि आयुष्यभर परंपरांची खोड काढणाऱ्या त्या माणसाने बाथरूममध्ये स्वतःच्या हाताने डोकं भादरून घेतलं आणि कळल्या दिवसापासून पुढे दहा दिवस पाळले. जमिनीवर झोपला. ऑफिसात टोपी घालून गेला. ज्याचं त्याला कळतं.

त्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळ नव्हता. अशा घरी शेजाऱ्यांनी फराळ नेऊन द्यायचा असतो, म्हणून मी चकल्या, लाडू घेऊन गेले. मालिनीही डबा घेऊन आली. सुवर्णाने घेतला, आत ठेवला. गुरुनाथ चकली हातात धरून बसला होता. म्हणाला, "हा रिवाज मात्र चांगला आहे, ताई. ह्यात खोटं बोलावं लागत नाही." मालिनी ऐकून दारातच रडायला लागली.

पेटी माझ्या बेसमेंटमध्येच राहिली. मी म्हटलं, वाजव रे, बरं वाटेल. तो म्हणायचा, "हो, ताई, येईन." आला नाही. एक तुकडासुद्धा नाही, घासायलाही नाही. मी भाकऱ्या करायचे तेव्हा खाली नुसता बॉयलर घरघरायचा.

गाणं मात्र चाललं. दुसऱ्या वर्षी मुलांना पाठच होतं, कोणीतरी कीबोर्डवर वाजवलं. शेजारच्या मंडळाने मागून नेलं. गुरुनाथ एकदा नरेंद्रकडे जाऊन म्हणाला, "हे गाणं बंद करा. निदान ते आशीर्वादाचं तरी बोलू नका." नरेंद्र म्हणाला, "अरे, आता ते तुझं राहिलं नाही, मंडळाचं झालं. लोकांची श्रद्धा आहे. आणि खरं सांगून काय मिळणार, उगाच मुलांची मनं खराब." मी म्हटलं, खरं मी सांगते. तर गुरुनाथनेच मला अडवलं. "इशिताला माहीत नाही, ताई. तिला वाटतं आजीने ऐकलंय. राहू दे." म्हणून प्रतापने माझा दंड धरायचा आणि मी गप्प बसायचं, असं चाललं.

दोन हजार सातला ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा अर्ज लागला आणि बाहेर जाऊन परत यायचा परवाना हातात आला. डिसेंबरात नागपूरला गेला. परतल्यावर संत्रा बर्फीचा डबा घेऊन माझ्याकडे आला. खाली गेला नाही, स्वयंपाकघरातच बसला. म्हणाला, "दादाला विचारलं. त्या दिवशी फोन कुठे धरला होतास?"

"मग?"

"म्हणाला, आईच्या खाटेवर ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला ऐकवेना. आवाज थांबला असं वाटलं तेव्हा आत आलो." गुरुनाथ टेबलावरची बर्फी एका बोटाने सरकवत होता. "कोणीच ऐकलं नाही, ताई. मला वाटायचं, निदान दादाने तरी ऐकलं असेल. रिकाम्या खाटेला गाऊन दाखवलं मी. आणि बिचाऱ्याला खोटं बोलायचं होतं तर 'पुन्हा' म्हणायचं होतं ना! 'आवडलं' कशाला म्हणाला?"

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

यंदा, दोन हजार आठला, तालीम नेहमीसारखी माझ्याच बेसमेंटमध्ये. इशिता आता अकरा वर्षांची, गाणं तिनेच सुरू करायचं. शेवटच्या तालमीला सुवर्णाला ऑफिसात उशीर झाला म्हणून गुरुनाथ तिला न्यायला आला आणि चार वर्षांत पहिल्यांदा जिना उतरला. बाकीची मुलं गेली होती. इशिता म्हणाली, "बाबा, डोन्ट गेट मॅड. पण थर्ड लाइनला सगळे धापा टाकतात. घाई होते. लाइक, श्वास कुठे घ्यायचा?"

गुरुनाथ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. "पुन्हा म्हण," एवढंच बोलला. तिने म्हटलं. तिसऱ्या ओळीत खरंच घाई होती. चार वर्षं साडेतीनशे माणसांनी ऐकलं, मीही ऐकलं, कोणाला कळलं नव्हतं.

"आजीने ऐकलं असतं तर हेच म्हणाली असती," तो म्हणाला.

"असतं? व्हॉट डू यू मीन, असतं?"

मग त्याने तिला सांगितलं. तिथेच, पायरीवर बसून, सगळं. पोरगी रडली नाही. बापासारखीच.

शनिवारी नरेंद्रने माईक घेतला, घसा खाकरला, माउलीचा आशीर्वाद वगैरे झालं. माईक इशिताच्या हातात दिला. ती म्हणाली, "काका, आजीने हे ऐकलं नाही. शी वॉज ऑलरेडी डेड. तुम्हाला माहीत होतं." 

प्रतापने माझा दंड सोडून दिला. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. पण कसचं! नरेंद्रने क्षणभर इकडेतिकडे बघितलं, दुसरा माईक उचलला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "तर हे गाणं आजपासून त्या माउलीच्या स्मृतीला अर्पण!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, उभं राहून वाजवल्या! मुलं गायला लागली, तिसऱ्या ओळीला धापा टाकल्या, पुढे गेली.

मागच्या रांगेत गुरुनाथची खुर्ची रिकामी होती. मी बाहेर गेले तर तो पार्किंग लॉटमध्ये उभा. आतून गाणं ऐकू येत होतं.

"तिसरी ओळ दुरुस्त होईल रे," मी म्हटलं. "पोरीने दाखवलीच आहे. पेटी आहे माझ्याकडे, उद्या ये. एक श्वास घालायचा आहे फक्त."

"होईल," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं कुठे घालायचा ते."

"मग?"

"मग फोन कोणाला लावू, ताई?"

आत सगळे ओरडत होते, पुढच्या वर्षी लवकर या. मी त्याच्याशेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं, आणि दोन माणसं बबल रॅपमधला गणपती उचलून नरेंद्रच्या गाडीत ठेवायला घेऊन आली.